घरची ऊर्जा घरी: वीजबिल वाचण्यापासून पॅनेल बसवण्यापर्यंत

घरावर सोलर बसवायचं मनात आलं की बहुतेक जण पहिला फोन विक्रेत्याला करतात. तो विचारतो, "बिल किती येतं?" तुम्ही म्हणता, "अडीच-तीन हजार." तासाभरात व्हॉट्सॲपवर तीन किलोवॅटचं कोटेशन येतं. ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते, असं माझं ठाम मत आहे. पॅनेल लागणार आहेतच, पण त्यांची पाळी नंतरची. आधी वापर मोजायचा, मग कमी करायचा. पुढे पाणी तापवणं आणि स्वयंपाक ही उष्णतेची कामं विजेवरून काढायची. उरलेल्या विजेपुरतीच पॅनेल घ्यायची. या क्रमाने गेलं तर तेच घर कमी पैशांत आणि कमी जागेत भागतं. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: बिलावरचे रुपये नाही, युनिट बघा

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. कागद सापडत नसतील तर महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून मिळतात. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानीचे ग्राहक असाल तर त्यांच्या ॲपवर बघा. प्रत्येक महिन्याचे युनिट एका कागदावर लिहा, बेरीज करा आणि बाराने भागा. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून हिशेब केला तर यंत्रणा उगाच मोठी होते. डिसेंबरच्या बिलावरून केला तर ती कमी पडते.

बिलावर आणखी तीन गोष्टी बघायच्या. मंजूर भार किती आहे, जोडणी सिंगल फेज आहे की थ्री फेज, आणि बिल कोणाच्या नावावर आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गावाकडे बिल अजून आजोबांच्या नावावर येत असतं आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. अनुदानाचा अर्ज, बँक खातं आणि वीजजोडणी यांवरचं नाव जुळावं लागतं. त्यामुळे नाव बदलायचा अर्ज आजच टाका. बाकीची तयारी होईपर्यंत ते काम पुढे सरकलेलं असेल.

आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे आणखी महाग. म्हणजे तुम्ही वाचवलेला पहिला युनिट हा नेहमी सगळ्यात महागड्या टप्प्यातला असतो. शेवटचे शंभर युनिट सगळ्यात स्वस्त. "बिल शून्य करून देतो" या आश्वासनामागे लागून ते स्वस्त युनिट वाचवण्यासाठी जादा पॅनेल घेण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय स्थिर आकार (दर महिन्याची ठरलेली रक्कम) भरावा लागतोच.

दुसरी पायरी: वापर खाली आणा

महिन्याला २५० युनिट वापरणारं चार माणसांचं घर धरू. चार पंखे रोज बारा तास चालतात. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, कमी विजेवर चालणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. एका पंख्यामागे ४५ वॅट वाचले, तर चार पंख्यांचे बारा तासांत दोन युनिटहून जास्त होतात, म्हणजे महिन्याला साधारण ६५. दोन किलोवॅटचा गीझर रोज पाऊण तास चालत असेल तर त्याचे महिन्याला ४५ युनिट. नुसते पंखे बदलले आणि गीझर बंद झाला, तर २५० चे १४० होतात.

महाराष्ट्रात एक किलोवॅट सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे महिन्याला ११० ते १२०. त्यामुळे आधी ज्या घराला सव्वादोन किलोवॅट लागले असते, त्याला आता सव्वा पुरतात. जुना फ्रीज आणि पंधरा वर्षांपूर्वीचा एसी असेल तर फरक आणखी पडेल.

तिसरी पायरी: आंघोळीचं पाणी

वीज करून पाणी तापवण्यापेक्षा उन्हाने थेट पाणी तापवणं कितीतरी सोपं. पॅनेल अंगावर पडलेल्या उन्हाचा पाचवा हिस्साच विजेत बदलतं, सौर बंब मात्र निम्म्याहून जास्त ऊन पाण्यात उतरवतो. म्हणून छपरावर जागा कमी असेल तर मी पहिला मान बंबाला देईन.

तीन-चार माणसांना दिवसाला १०० लिटरचा बंब पुरतो, पाच-सहांना १५० ते २००. प्रकार दोन. काचेच्या पोकळ नळ्यांचा, ज्याला ईटीसी म्हणतात, तो स्वस्त असतो. तांब्याच्या नळ्यांचा सपाट पेटीचा, म्हणजे एफपीसी, महाग पण दणकट आणि नीट सांभाळला तर पिढीभर टिकणारा. निवड पाण्यावरून करा. बोअरचं जड पाणी असेल, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे बहुतेक ठिकाणी ते असतंच, तर एफपीसीच्या बारीक नळ्यांत क्षार साचून त्या बुजतात. तिथे काचेच्या नळ्या बऱ्या, कारण त्या काढून धुता येतात. नदीचं नळाचं पाणी असेल आणि पैसे असतील तर एफपीसी घ्या. वानरांचा त्रास असलेल्या गावात काचेच्या नळ्यांचा विचारही करू नका.

बसवताना प्लंबरवर सोडून देऊ नयेत अशा गोष्टी या. गार पाण्याच्या टाकीचा तळ बंबाच्या टाकीपेक्षा वर हवा, नाहीतर बंब पूर्ण भरत नाही. बंबावरून वर जाणारी हवेची उघडी नळी कधीही बुच मारून बंद करायची नाही. तिच्यातूनच वाफ बाहेर पडते. गरम पाण्याच्या पाइपला वरून वेष्टन हवं आणि तो जितका आखूड तितका चांगला. बंब गच्चीवर आणि न्हाणीघर दोन मजले खाली असेल तर रोज सकाळी पाइपातलं बादलीभर गार पाणी आधी सोडावं लागतं. ते दुसऱ्या बादलीत धरा, झाडांना होतं. पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कॉइल घेता येते, पण तिचं बटण वेगळं ठेवा आणि एरवी बंदच राहू द्या. पुण्यासह काही महापालिका अशा यंत्रणेवर मालमत्ता करात सवलत देतात. त्याची चौकशी कर भरतानाच करून ठेवा.

चौथी पायरी: स्वयंपाकाचा गॅस

गावात जनावरं असतील तर गोबरगॅससारखी दुसरी गोष्ट नाही. सौर पॅनेलच्या गाजावाजात ती मागे पडली याचं मला मनापासून वाईट वाटतं. पॅनेल फक्त वीज देतं. गोबरगॅस चूल पेटवतो, शेतासाठी शेणखतापेक्षा लवकर लागू पडणारं खत देतो आणि घरातल्या बाईची धुरातून सुटका करतो. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने गावोगाव हे काम उभं केलं आहे. शंका असेल तर त्या भागातल्या एखाद्या स्वयंपाकघरात जाऊन प्रत्यक्ष बघा.

हिशेब सोपा आहे. २५ किलो ताज्या शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो, आणि एक घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरमधला ४००-४५० ग्रॅम गॅस. चार-पाच माणसांच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला दोन घनमीटरचं संयंत्र लागतं, म्हणजे रोज पन्नास किलो शेण. गोठ्यात बांधलेली चार-पाच जनावरं असली की ते जमतं. दिवसभर रानात चरणारी जनावरं असतील तर निम्मं शेण बाहेरच पडतं, तेव्हा गोळा होणाऱ्या शेणाचंच माप धरा. आठवडाभर घमेल्याने मोजून बघा आणि मग आकार ठरवा. मोठं बांधून अर्धपोटी चालवलेलं संयंत्र लवकर बंद पडतं.

जागा स्वयंपाकघराच्या जवळ, उन्हात, गोठ्याच्या उताराला निवडा. विहीर किंवा बोअरपासून किमान पंधरा मीटर लांब राहा. पत्र्याची किंवा फायबरची तरंगती टाकी असलेला जुना नमुना दुरुस्तीला सोपा. जमिनीखालच्या विटांच्या घुमटाचा दीनबंधू नमुना स्वस्त पडतो आणि वर जागाही अडत नाही, पण त्याला हा घुमट बांधलेला गवंडीच हवा. घुमटाला केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निसटतो.

सुरुवातीला शेण आणि पाणी सारख्या प्रमाणात कालवून टाकी भरा. खडे, काड्या, वैरणीचे तुकडे काढून टाका. हंगाम बघून दोन ते चार आठवड्यांत गॅस धरतो. पहिला गॅस पेटवू नका. त्यात हवा मिसळलेली असते आणि ते धोक्याचं असतं. तो मोकळ्यावर सोडून द्या. मग रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं माप. चूलही बायोगॅससाठीची वेगळी घ्या, सिलिंडरच्या शेगडीवर ज्योत नीट लागत नाही. पाइपात पाणी साचतं, म्हणून सखल जागी ते काढायची तोटी ठेवा. थंडीत गॅस कमी होतो. तेव्हा कोमट पाण्यात शेण कालवलं तर फरक पडतो. अनुदानाची माहिती पंचायत समितीच्या कृषी विभागात मिळते.

शहरात शेण नाही, पण ओला कचरा आहे. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकटं, शिळं अन्न, पीठ यांवर चालणारं लहान संयंत्र तयार केलं आणि त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. पिष्टमय कचऱ्यातून गॅस शेणापेक्षा कितीतरी लवकर सुटतो. पण एका कुटुंबाच्या खरकट्यावर पूर्ण स्वयंपाक होत नाही. चहा, दूध, डाळ-भात एवढं निघतं. लिंबाची साल, कांद्याची टरफलं, अंड्याची कवचं त्यात टाकू नका. एका दिवसात फार खाऊ घातलं तर आतलं मिश्रण आंबट होतं आणि गॅस थांबतो. तसं झालं तर काही दिवस टाकणं बंद ठेवा.

जनावरं नाहीत, गॅलरीही लहान आहे, तर इंडक्शन. त्याचे महिन्याचे साठ-सत्तर युनिट पुढच्या हिशेबात धरा.

पवनचक्कीबद्दल थोडक्यात

साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना पाहून घरावर एक लहानशी बसवावी असं बऱ्याच जणांना वाटतं. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा उरते. घराच्या उंचीवर, झाडं आणि इमारती यांच्यामध्ये वारा मंद आणि भोवऱ्यांचा असतो. मोकळ्या कड्यावर घर असेल तर वर्षभर वारा मोजून विचार करा. बाकीच्यांनी ते पैसे पॅनेलला लावावेत.

पाचवी पायरी: सौर वीज

आता १४० युनिट उरले. इंडक्शनचे साठ धरले, पुढे येणाऱ्या विजेच्या स्कूटरचे रोज तीस किलोमीटरला महिन्याचे तीस-पस्तीस धरले, की झाले २३५. म्हणजे दोन किलोवॅट. या आकाराला केंद्राचं अनुदानही सगळ्यात चांगलं बसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. त्यापुढे कितीही बसवा, कमाल रक्कम ७८,००० च. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्य सरकारने वेगळं जादा अनुदान आणलं आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर महावितरणच्या कार्यालयात आधी ते विचारा.

छप्पर तपासा. एका किलोवॅटला ७० ते १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. सावली एका दिवशी बघून कळत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, पुण्यात भर दुपारीही तो ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या टाकीची आणि कठड्याची सावली लांब पडते. जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो, तेव्हा उत्तरेच्या माडाची सावलीही येऊ शकते. सकाळी नऊ ते दुपारी तीन ही वेळ मोकळी असली की पुरे. एका पॅनेलवर पडलेली सावली त्या रांगेतल्या बाकीच्या पॅनेलांनाही मागे खेचते, म्हणून तिच्याकडे काणाडोळा नको. सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनेलला वेगळा मायक्रो-इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरी वापरण्याजोगी करणारा लहान इन्व्हर्टर) लावता येतो, खर्च वाढतो.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल १५ ते २० अंश. स्लॅब गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी, पॅनेल नंतर. स्लॅबला भोकं पाडण्याऐवजी सिमेंटचे जड ठोकळे ओतून त्यावर सांगाडा उभा करायला सांगा. कौलारू घरावर थेट पॅनेल नको. गोठ्याचा पक्का पत्रा किंवा अंगणातला लोखंडी मांडव बरा.

कोकणात सांगाड्यावर पैसे वाचवू नका. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागात छपरंच्या छपरं गेली. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला), बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आणि ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला टिकेल असं लेखी. नुसता चंदेरी रंग दिलेलं लोखंड खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजू लागतं. विदर्भाची अडचण वेगळी. तिथे ऊन भरपूर, पण मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे चौदा टक्के गेलं. म्हणून पॅनेल आणि छप्पर यांच्यामध्ये वारा खेळायला जागा ठेवा. एप्रिल-मेमध्ये उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी दिसलं तर घाबरू नका.

अर्ज असा करायचा. पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाइल आणि ग्राहक क्रमांकाने नोंदणी करा. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळ्या तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरलं जातं. पोर्टलवरच्या यादीतूनच विक्रेता निवडा, यादीबाहेरच्याकडून बसवलं तर अनुदान नाही. काम झालं की नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसतो, तपासणी होते, आणि मग तुम्ही बँक खातं भरलं की अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं. म्हणजे विक्रेत्याला पूर्ण रक्कम आधी द्यावी लागते. हाताशी पैसे नसतील तर राष्ट्रीयीकृत बँका याच योजनेसाठी बिनतारण, कमी व्याजाचं कर्ज देतात.

कोटेशन तीन घ्या आणि ती शेजारी ठेवून वाचा. दोन ते तीन किलोवॅटला अनुदानाआधी किलोवॅटमागे पन्नास ते सत्तर हजार रुपये हा साधारण भाव. त्यात हे लिहिलेलं हवं: पॅनेलचा मेक आणि वॅट, ती भारतीय बनावटीच्या सेलची असल्याचं प्रमाणपत्र (ते नसेल तर अनुदान अडतं), इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षं, पाच वर्षांची देखभाल, आणि नेट मीटरचा खर्च कोणाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तो दर लावलाय का बघा. पंचवीस वर्षांची वॉरंटी म्हणतात ती पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची. काच, चौकट, जोडणी यांची वॉरंटी वेगळी आणि कमी असते.

बसवण्याच्या दिवशी घरी थांबा. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे हवेत: आकाशातून पडणारी वीज अडवणाऱ्या सळीसाठी एक, पॅनेलच्या बाजूचा एक, घरच्या बाजूचा एक. दोन खड्ड्यांत भागवू म्हणाले तर नाही म्हणा. तारा उन्हात लोंबकळत नकोत, पाइपातून हव्यात. प्रत्येक पॅनेलच्या मागच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. इन्व्हर्टर सावलीत आणि हात पोचेल अशा उंचीवर.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गच्ची सामाईक असते, त्यामुळे तिथे सोसायटीनेच पुढे यायला हवं. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरवर यंत्रणा बसते आणि तिला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत ठराव मांडताना वर्षभराची सामाईक बिलं आणि तीन कोटेशनं सगळ्यांच्या हातात द्या. मासिक देखभाल खर्च किती कमी होईल हे कागदावर दिसलं की विरोध बराच मावळतो. साताऱ्यात पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने तर अख्खं गाव सौर विजेवर आणून राज्यातलं पहिलं सौरग्राम होण्याचा मान मिळवला. गावाला जमतं ते चाळीस फ्लॅटच्या सोसायटीला नक्की जमेल.

सहावी पायरी: बॅटरी हवी का?

हे आधी समजून घ्या: साधी ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना (ग्रिडला) जोडलेली यंत्रणा लाइट गेली की बंद होते, कितीही ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. शहरात जिथे वीज क्वचित जाते तिथे बॅटरीची गरज नाही. ग्रिडच तुमचा साठा. दिवसाचे जास्तीचे युनिट नेट मीटरमधून खात्यात जमा होतात आणि रात्री वापरता येतात. आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटांना मात्र फारच कमी भाव मिळतो, हेही गरजेपेक्षा मोठी यंत्रणा न घेण्याचं एक कारण.

घरात इन्व्हर्टर-बॅटरी आधीपासून असेल तर ती तशीच राहू द्या. पंखे आणि दिवे त्यावर चालतील. १५० अँपिअर-तासांच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत १.८ युनिट असतात, पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली रिकामी करत राहिलं तर लवकर मरते, म्हणून कामाचे युनिट ०.९ धरा. रोज चार-पाच तास वीज जाणाऱ्या गावात मात्र हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींशी जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. महाग आहे, पण तीन हजारांहून जास्त वेळा भरते-रिकामी होते. आज बॅटरीला पैसे नसतील आणि पुढे घ्यायची असेल तर इन्व्हर्टर तेवढा आत्ताच हायब्रिड घ्या.

बसल्यानंतर

पॅनेल पंधरा दिवसांतून एकदा धुवा, पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बसतात, म्हणून मऊ फडक्याने लगेच पुसा. लांब दांड्याची पुसणी पुरते, साबण नको. कपडे धुणं, पाण्याची मोटर, इस्त्री, स्कूटरचं चार्जिंग ही कामं सकाळी दहा ते तीनमध्ये आणा. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना दिवसाच्या वापरावर दरात सवलतही आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला इन्व्हर्टरवरचं आणि नेट मीटरचं, आयात आणि निर्यात दोन्ही, रीडिंग लिहून ठेवा. बिलात निर्यातीचे युनिट वजा झाले नसतील तर ते पहिल्याच महिन्यात लक्षात येतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात उत्पादन निम्म्यावर येणं नेहमीचं. फेब्रुवारीत तसं झालं तर विक्रेत्याला बोलवा.

आणि बिलं, वॉरंटीचे कागद, पॅनेलचे क्रमांक एका फाइलमध्ये ठेवा. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही आली आहेत. पंचवीस-तीस वर्षांनी ती उतरवताना भंगारवाल्याकडे न देता अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यायची आहेत. तोवर घर मुलांच्या हाती गेलेलं असेल. फाइल कुठे आहे ते त्यांना आत्ताच दाखवून ठेवा.